सिंक स्वतः बसवायचंय: कपलिंग, ट्रॅप, अँगल कॉक कुठल्या मापाचे घ्यावेत?

मंजिरी

नमस्कार मंडळी,

डोंबिवलीत 1990च्या दशकातल्या इमारतीत आमचा फ्लॅट आहे, सगळ्यात वरचा मजला. स्वयंपाकघरातलं सिंक तळाशी गळायला लागलंय. शिवाय ते इतकं लहान आहे की मोठी कढई किंवा परात त्यात धड बसत नाही. ओट्याचा ग्रॅनाइट बदलायचा नाही, फक्त भोक मोठं करून घ्यायचं. ते काम ग्रॅनाइटवाला करेल. बाकीचं मी आणि नवरा मिळून करणार आहोत.

माझ्या डोक्यात 24 बाय 18 चं, 10 इंच खोल, ओट्याच्या खालून बसणारं सिंक आहे. त्यावर ओट्यातून वर येणारा मिक्सर. सिंकखाली सध्या ट्रॉली नाही, पण पुढे करायची आहे. आरओ आहेच, वर्षभरात डिशवॉशरही घ्यायचा विचार आहे.

सध्या सिंकच्या तळापासून पांढरा वळ्यावळ्यांचा पाइप निघतो आणि भिंतीतल्या भोकात खुपसलेला आहे. तोंडाशी व्हाइट सिमेंट थापलंय. ट्रॅप, म्हणजे पाणी धरून वास अडवणारा बाक, वगैरे काही नाही, त्यामुळे दुपारी वास येतो आणि रात्री झुरळं. भिंतीतला पाइप बहुतेक 40 मिमीचा असावा.

दुकानात गेले तर पहिलाच प्रश्न आला, "बत्तीस का चाळीस? हाफ थ्रेड का फुल थ्रेड?" तेव्हा आधी इथे विचारतेय. काय काय घ्यायचं, आणि कशात पैसे वाचवू नयेत?

चाफा

छान विषय. आमच्याकडेही हेच काम निघालंय. वाचतेय.

साइटवाला

मंजिरी, सिंक घेतलं नसेल तर अजिबात घेऊ नका. आधी टेप घेऊन तीन मापं काढा आणि इथे लिहा:

जमिनीपासून ओट्याच्या वरच्या कडेपर्यंतची उंची.
जमिनीपासून भिंतीतल्या भोकाच्या मध्यापर्यंतची उंची.
भिंतीतल्या पाइपाचा आतला व्यास, मिलिमीटरमध्ये.

बहुतेक लोक सिंक आवडलं म्हणून घेतात, मग नळ, आणि सांडपाण्याचे भाग शेवटी कोपऱ्यावरच्या दुकानातून. मी बांधकामाच्या साइटवर बरीच वर्षं काढली आहेत. माझं ठाम मत आहे की क्रम उलटा हवा. भिंतीतलं भोक तुम्ही सहजी हलवू शकत नाही, म्हणून मोजणी तिथून सुरू होते. त्या भोकाला कुठला ट्रॅप जमतो, ट्रॅपला कुठलं कपलिंग (सिंकच्या तळाच्या भोकात बसणारा जाळीचा भाग) जमतं, आणि एवढं सगळं मावल्यावर सिंकला किती खोली उरते, हे शेवटी कळतं.

मंजिरी

मोजलं. ओटा 34 इंच. भोकाचा मध्य 19 इंच. पाइपाचा आतला व्यास जवळजवळ 45 मिमी. सिंकच्या मध्यापासून भिंत साधारण फूटभर आहे.

साइटवाला

आतून 45 म्हणजे तो 40 चा नाही, 50 चा पाइप आहे. पीव्हीसीच्या सांडपाण्याच्या पाइपाचं माप बाहेरून धरतात. ही चांगली बातमी आहे, कारण 40 चा पाइप त्याच्या आत जातो आणि मधली फट रबरी रिंगने बंद करता येते. व्हाइट सिमेंटची गरजच नाही.

आता हिशोब. ओटा 34. खालून बसणारं सिंक घेतलं तर ग्रॅनाइटची पाऊण इंच जाडी आधीच गेली, राहिले सव्वातेहतीस. सिंक 10 इंच खोल, म्हणजे तळ सव्वातेवीसवर. वेस्ट कपलिंग तळाखाली साधारण 4 इंच उतरतं, म्हणजे सव्वाएकोणीस. तिथे बॉटल ट्रॅप (खाली उघडणारी वाटी असलेला) लागतो, आणि त्याचं बाहेर पडायचं तोंड आणखी अडीच इंच खाली असतं. झाले पावणेसतरा. तुमचं भोक 19 वर. पाइप सव्वादोन इंच वर चढवावा लागेल आणि त्यातून पाणी पूर्ण निघून जाणार नाही. ते ट्रॅपच्या वर आणि चढत्या पाइपात साचून राहील, वर तेलाचा थर धरेल.

तेच सिंक ओट्यावर कड टेकून बसणारं आणि 8 इंच खोल घेतलं तर: 34 वजा 8, 26. वजा 4, 22. वजा अडीच, साडेएकोणीस. भोकापेक्षा अर्धा इंच वर. सांडपाण्याच्या आडव्या पाइपाला चाळीसास एक उतार पुरतो, म्हणजे फूटभर अंतराला एक तृतीयांश इंचाहून थोडा कमीच. तुमच्याकडे अर्धा आहे. जमतंय.

8 इंचीच पण खालून बसवलं तर पुन्हा पाव इंच कमी पडतो.

दुकानात काउंटरवर कपलिंग आणि ट्रॅप एकमेकांना जोडून स्वतः टेप लावा. कंपनीगणिक अर्धा-पाऊण इंचाचा फरक पडतो, आणि तुमच्या बाबतीत तेवढाच जीव आहे.

मंजिरी

बापरे. मी 10 इंचीची ऑर्डर जवळपास दिलीच होती. पण खोल सिंक हवंच असेल तर काही मार्ग?

साइटवाला

दोन आहेत. एक, टाइल फोडून भोक खाली घेणं. त्यासाठी पाइप भिंतीत कुठे वळतो ते माहीत हवं. वरच्या मजल्यावर असलात तरी ही लाइन डक्टमधल्या सोसायटीच्या उभ्या पाइपाला मिळते, तेव्हा हे स्वतः करू नका. दुसरा, कमी उंचीचं कपलिंग, ज्याचं तोंड खाली न जाता बाजूला निघतं. ट्रॅप मग मागे भिंतीलगत जातो आणि खाली ट्रॉलीला जागाही मिळते. पण त्यानेही सव्वादोन इंच भरून निघतील असं नाही. शिवाय त्या बाजूच्या आडव्या तोंडात खरकटं अडकतं. आपल्या स्वयंपाकात भाताची शितं, चहाचा चोथा आणि फोडणीचं तेल रोज जाणार, म्हणून मला ते पहिल्या पसंतीचं वाटत नाही.

चाफा

वळ्यावळ्यांचा पाइप का नको? तो कुठेही वळतो, स्वस्त आहे, आणि त्यालाच इंग्रजी एससारखा बाक दिला की ट्रॅप होतो असं आमचे प्लंबर म्हणाले.

साइटवाला

चाफा, ट्रॅपचं काम म्हणजे बाकात पाणी धरून ठेवणं, म्हणजे मागची हवा आणि किडे घरात येत नाहीत. साधारण 50 मिमी पाणी तिथे कायम उभं हवं. मऊ पाइपाला हाताने दिलेला बाक महिन्याभरात बसतो, आकार बदलतो. आणि एसच्या आकारात भरलेलं सिंक एकदम सोडलं की जाणारं पाणी आपल्यामागे ट्रॅपमधलंही ओढून नेतं. ट्रॅप कोरडा झाला की वास सुरू. वळ्यांमध्ये तेल गोठतं ते वेगळंच. हात धुवायच्या बेसिनला चालवून घ्या, स्वयंपाकघरात नको.

एक अपवाद. सिंकचं पाणी जमिनीतल्या नहाणी ट्रॅपमध्ये पडत असेल तर वर दुसरा ट्रॅप लावू नका. दोन ट्रॅपच्या मध्ये हवा कोंडते आणि पाणी गुडगुडत संथ उतरतं. तिथे सरळ कडक पाइप जाळीच्या भोकात उतरवा आणि भोवती रबरी कॉलर बसवा. झुरळं येतात ती त्या फटीतून.

अनिवासी

मी न्यू जर्सीत राहतो. इथे घरातली अशी बरीच कामं लोक स्वतःच करतात आणि यूट्यूबवरचे बहुतेक व्हिडिओ इथलेच असतात, म्हणून एक सावधगिरीची सूचना. ते पाहून भारतात खरेदीला जाऊ नका.

इथे सिंकखालच्या कॉकचं तोंड बहुधा तीन-अष्टमांश इंची कॉम्प्रेशनचं असतं, तुमच्याकडे अर्धा इंची आट्यांचं. एस ट्रॅपला इथल्या नियमांत परवानगी नाही, पी ट्रॅपच लावतात. आणि सगळ्यात फसवं म्हणजे आटे. अमेरिकेतले अर्धा इंची एनपीटी आणि भारतातले अर्धा इंची बीएसपी, दोन्हींत इंचाला 14 आटे. त्यामुळे एकात दुसरा दोन-तीन फेरे सहज फिरतो आणि बसला असं वाटतं. पण आट्यांचा कोन एकाचा 60 अंश, दुसऱ्याचा 55. टेफ्लॉनवर अवलंबून असलेला जोड मग कितीही आवळा, झिरपत राहतो. इथून हौसेने नळ घेऊन येणाऱ्या नातेवाइकांना आधीच सांगा.

मंजिरी

अनिवासी, फार उपयोगी. मी तेच व्हिडिओ बघत होते आणि त्यांतला अर्धा माल दुकानात कुणाला माहीतच नव्हता.

बरं, मग 32, 40 आणि हाफ थ्रेड, फुल थ्रेडचं काय?

पन्हाळकर

मी सांगतो, कोल्हापुरात आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. 32 म्हणजे सव्वा इंची, ते वॉशबेसिनचं. स्वयंपाकघराला 40, म्हणजे दीड इंची. हाफ आणि फुल थ्रेड हेही बेसिनच्या कपलिंगचं बोलणं. बेसिनला कडेला ओव्हरफ्लोचं भोक असतं का नाही, त्यावर ते ठरतं. तुम्हाला दुकानदाराने बेसिनचं गिऱ्हाईक समजून विचारलं असणार. तुम्ही सरळ "किचन सिंकचं जाळीवालं कपलिंग, 40 चं" असं मागा.

त्याआधी सिंकच्या तळाचं भोक मोजा. काहींना साडेतीन इंची असतं, काहींना साडेचार इंची. बहुतेक सिंकांसोबत कपलिंग येतं. ते स्टीलच्या जाळीचं आणि खालची बॉडी जाड प्लास्टिकची असेल तर वेगळं घेऊ नका. मधला स्क्रू मात्र स्टीलचा हवा. स्क्रूवर मिठाचं, लिंबाचं पाणी रोज पडतं. साधा लोखंडी स्क्रू गंजून बसला की कपलिंग कापूनच काढावं लागतं.

ट्रॅप घेताना खालची वाटी हाताने उघडते का ते दुकानातच उघडून बघा. आत वॉशर आहे ना, तेही बघा. गुळगुळीत चकचकीत क्रोमचा ट्रॅप दिसायला छान, पण ओट्याखाली कोण बघणार? चांगल्या पीव्हीसीचा किंवा पॉलीप्रॉपिलीनचा पुरे.

गोदाकाठ

सिंकचं स्टील 304 आहे का ते चुंबक लावून बघा. चिकटला तर भेसळ. नाही चिकटला तर बिनधास्त घ्या.

पन्हाळकर

गोदाकाठ, पहिलं अर्धं बरोबर, दुसरं नाही. चुंबक जोरात चिकटला तर ते 304 नाही, हे खरं. पण 202 ग्रेडच्या स्टीललाही चुंबक चिकटत नाही, आणि बाजारात 304च्या नावाखाली खपतं ते तेच. 304 मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. 202 मध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं, म्हणून ते स्वस्त आणि खाऱ्या पाण्यात लवकर डागाळतं. उलट अस्सल 304चं सिंकही कोपऱ्यांत, जिथे पत्रा ओढून वाकवलेला असतो तिथे, चुंबकाला हलकं धरतं. तेवढ्यावरून चांगलं सिंक परत करू नका.

दुकानात थेंबाने तपासायचं रसायन मिळतं, पण घरगुती गिऱ्हाइकाने बिलावर ग्रेड लिहून घ्यावी आणि सिंकवर आयएस 13983 चं चिन्ह आहे का बघावं. घरगुती स्टील सिंकचं ते भारतीय मानक आहे. जाडी 1 मिमी तरी हवी. आणि सिंक उलटं करा. तळाला रबरी पॅड किंवा जाड लेप असेल तर पाणी पडताना पत्र्याचा आवाज कमी होतो.

गोदाकाठ

धन्यवाद, हे माहीत नव्हतं. मग मी नळाबद्दल सांगतो, कारण आमच्या बोअरच्या पाण्याने नळांची वाट लावली आहे. जड पाणी असेल तर नळाच्या तोंडाची जाळी हाताने उघडणारी घ्या. क्षार बसले की व्हिनेगरमध्ये बुडवून साफ करता येते. अर्ध्या फेऱ्यात उघडणारे सिरॅमिक डिस्कचे नळ छान चालतात, पण टाकीतली रेती आत गेली की डिस्कवर ओरखडे पडतात आणि मग थेंब थांबत नाही. नवा नळ लावण्याआधी अँगल कॉक (नळाच्या आधी पाणी बंद करायचा छोटा कॉक) उघडून बादलीभर पाणी वाहू द्या.

साइटवाला

मंजिरी, मिक्सरबद्दल. तुम्ही वरच्या मजल्यावर आहात ना? टाकीपासून दर 10 मीटर उंचीमागे सुमारे 1 बार दाब मिळतो. तुमच्या नळापासून टाकीतल्या पाण्याची पातळी चारेक मीटर वर असेल तर दाब 0.4 बारच्या आसपास. अनेक एक-दांडी मिक्सर एवढ्या दाबावर बारीक धार देतात. खोक्यावर किमान दाब लिहिलेला असतो, तो वाचा.

आणि मूळ प्रश्न: स्वयंपाकघरात गरम पाण्याची लाइन आहे का? नसेल तर मिक्सर कशाला? फिरत्या मानेचा साधा सिंक कॉक घ्या, पूर्ण पितळी बॉडीचा. हातात धरून वजन बघा. जस्ताचा नळ हलका लागतो आणि दोन-तीन वर्षांत आटे झडतात. इथे पैसे वाचवू नका. वाचलेले मिक्सरचे पैसे यात घाला.

मंजिरी

गरम पाण्याची लाइन नाही. मिक्सर फक्त दिसायला हवा होता. रद्द.

नळ सध्या भिंतीतूनच आलाय. आतली लाइन जीआयची, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपाची आहे. जुना काढून नवा लावणं आम्हाला जमेल ना?

पन्हाळकर

इथे मात्र थांबा. जुन्या जीआयच्या एल्बोत (भिंतीतल्या वळणाच्या जोडात) नळ वर्षानुवर्षं सुतळी आणि सफेद्याने घट्ट बसलेला असतो. पाइप पाना लावून जोर दिला की कधीकधी नळ फिरत नाही, भिंतीतला गंजलेला पाइपच पिळवटतो. मग टाइल फोडण्यावाचून इलाज राहत नाही, आणि वरची टाकी बंद करायची तर अख्ख्या विंगचं पाणी जातं. सांडपाण्याची बाजू जरूर स्वतः करा, तिथे दाब नसतो, चुकलं तर थेंब पडतो आणि पुन्हा उघडता येतं. भिंतीतून जुना नळ काढण्याचं एवढं एक काम ओळखीच्या प्लंबरकडून करून घ्या. त्याच वेळी जीआयच्या तोंडाला पितळी निपल (आटे असलेला छोटा तुकडा) लावून घ्या. टाइलवर टाइल बसवली असेल तर एल्बो आत गेलेला असतो, म्हणून एक इंच आणि दीड इंच अशी दोन्ही निपलं आणून ठेवा. न लागलेलं परत करता येतं.

निपलला टेफ्लॉन गुंडाळताना आट्यांचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळायचं, म्हणजे आवळताना टेप उलगडत नाही. ओढून, दहा-बारा वेढे. आणि जिथे रबरी वॉशर आहे तिथे, म्हणजे कनेक्शन पाइपाच्या चेकनटला (टोकाच्या फिरत्या नटाला) किंवा ट्रॅपच्या नटांना, टेफ्लॉन लावायचं नाही. तिथे वॉशरच पाणी अडवतो. टेपमुळे नट पूर्ण बसत नाही आणि लोक आणखी आवळून प्लास्टिक फोडतात.

सह्यवाट

उत्तम धागा. वाखुसा (वाचनखूण साठवली).

कपलिंग बसवतानाचा क्रम कुणी सांगेल का? आमचं कपलिंग पहिल्या दिवसापासून झिरपतंय.

साइटवाला

सह्यवाट, वॉशरची जागा बघा. सिंकच्या आतल्या बाजूला, जाळीच्या कडेखाली, सिलिकॉनची बारीक वळी किंवा सोबत आलेली पातळ गॅस्केट. सिंकच्या खालून, थेट स्टीलला टेकून, जाड रबर. मग प्लास्टिकची सपाट चकती, मग नट. पुष्कळदा चकती आधी आणि रबर नंतर घातलेलं असतं. मग नट फिरताना रबराला पिळतो आणि ते एका बाजूला सरकतं. नट हाताने घट्ट, त्यानंतर पान्याने फार तर पाव फेरा.

एम-सील थापून गळती थांबवू नका. आज थांबेल, पण पुढच्या वेळी कपलिंग उघडायचं तर फोडावं लागेल.

मंजिरी, सिंकच्या कडेखाली लावायचं सिलिकॉन न्यूट्रल प्रकारचं घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं आम्लधर्मी असतं आणि दगडावर डाग पाडू शकतं. सिलिकॉन लावल्यावर चोवीस तास सिंक वापरायचं नाही. ग्रॅनाइटवाल्याला नुसतं माप सांगू नका, खोक्यातला कागदी साचाच त्याच्या हातात द्या. सिंकच्या बाहेरच्या मापाला भोक कापलं तर कड टेकायला जागाच राहत नाही.

मंजिरी

सगळ्यांचे मनापासून आभार. काम झालं!

शेवटी घेतलं ते असं: 24 बाय 18 बाय 8, ओट्यावर कड टेकणारं, 304, बिलावर ग्रेड लिहून. कपलिंग सिंकसोबतचं. 40 चा बॉटल ट्रॅप, वाटी हाताने उघडणारी. 50 च्या पाइपात 40 बसवायची रबरी रिंग. फिरत्या मानेचा पितळी सिंक कॉक. काउंटरवर कपलिंग आणि ट्रॅप जोडून मोजलं तेव्हा एका ट्रॅपचं तोंड जवळजवळ इंचभर खाली निघालं, तो ठेवून दिला आणि दुसरा घेतला. दुकानदारही म्हणाले, असं मोजून कुणी घेत नाही.

प्लंबरने फक्त जुना नळ काढून निपल लावलं. आतला जीआय चांगलाच खाल्लेला होता, पन्हाळकरांचं ऐकलं ते फार बरं झालं. बाकी आम्ही दोघांनी. सिंक काठोकाठ भरून एकदम सोडलं, प्रत्येक जोडावरून कोरडा टिश्यू फिरवला, रात्रभर खाली वर्तमानपत्र पसरून ठेवलं. सकाळी कोरडं. वासही नाही.

आता शेवटचा प्रश्न. आरओचं वाया जाणारं पाणी आणि पुढे डिशवॉशर, यांचं काय करायचं?

पन्हाळकर

अभिनंदन! आरओची बारीक नळी सिंकमध्येच सोडून ठेवायची नसेल तर 40 च्या ट्रॅपला वरच्या बाजूला आणखी एक तोंड असलेला नमुना मिळतो. पण माझं मत, ते पाणी बादलीत धरा. क्षार जास्त असतात म्हणून झाडांना नको, फरशी पुसायला चालतं.

साइटवाला

डिशवॉशरसाठी दोन गोष्टी लक्षात ठेवा. त्याच्या पाण्याच्या पाइपाचं चेकनट पाऊण इंची असतं, अर्धा नाही. म्हणून अँगल कॉक घेताना भिंतीकडे अर्धा आणि पुढे पाऊण इंची तोंड असलेला मागा. त्याची लाइन मात्र प्लंबरकडूनच काढून घ्या, तुमच्या जीआयची अवस्था तुम्ही पाहिलीच आहे. आणि सांडपाण्याचा पाइप ट्रॅपला जोडण्याआधी ओट्याच्या खालच्या कडेपर्यंत वर नेऊन, तिथे क्लिपने अडकवून मग खाली आणा. नाहीतर सिंकमधलं खरकटं पाणी उलटं मशीनमध्ये जातं. ट्रॉली करणाऱ्या सुताराला हे आत्ताच सांगा, म्हणजे मागच्या फळीत तो पाइप जायला जागा सोडेल आणि ट्रॅपची वाटी उघडायला हात जाईल.